सूर्यापेक्षा प्रखर, वीस वॉटचा

[दृश्य: जळगाव, मे महिन्यातली भर दुपार. सराफ बाजाराची गल्ली, अर्ध्यावर ओढलेली शटरं.]

जळगाव-भुसावळचा मे. पारा ४५ अंशांना टेकलेला. गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १००० वॉट ऊन ओतलं जातंय. या उन्हात सोन्याची अंगठी ठेवली तर फार तर हाताला चटका बसेल.

[दृश्य: हॉलमार्किंग केंद्र. यंत्राखाली अंगठी. बारीक चमक.]

आतमध्ये हे यंत्र. त्याचा लेसर २० वॉटचा. एलईडी ट्यूबलाइट जेवढी वीज खाते, साधारण तेवढाच आकडा. पण अंगठीचं सोनं क्षणात वितळवून, थोडं वाफ करून तो अक्षरं कोरतोय. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, २२ कॅरेटचे ९१६, आणि अंक-अक्षरं मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सराफाला या क्रमांकाशिवाय विकता येत नाही.

उन्हाला भिंग लावलं तर? लावा. पण भिंग कितीही मोठं घेतलं तरी सूर्याच्या पृष्ठभागावर जेवढी प्रखरता आहे, तिच्या पलीकडे ते जाऊ शकत नाही. ती आहे दर चौरस सेंटिमीटरला सहा हजार वॉटच्या आसपास. लेसर ही हद्द ओलांडतो, आणि थोडीथोडकी नाही.

[दृश्य: ॲनिमेशन. अणू, दोन पायऱ्या, फोटॉन.]

सूर्यातला अणू ऊर्जेच्या वरच्या पायरीवरून खाली येतो तो आपल्या मर्जीने. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुटतो तो कुठल्याही दिशेला, कधीही. १९१७ च्या सुमारास आइन्स्टाइनने आणखी एक शक्यता दाखवली. अणू वर बसलेला असताना नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन जवळून गेला, तर अणू खाली उतरतो आणि दुसरा फोटॉन सोडतो. तीच तरंगलांबी, तीच दिशा. आणि लेझीमच्या ताफ्यात सगळ्यांचं पाऊल एका ठेक्यावर पडावं, तशी दोघांची लहर जुळलेली. एकाचे दोन, दोनाचे चार. हेच उद्दीपित उत्सर्जन.

मग लेसर १९१७ मध्येच का नाही झाला?

कारण खाली बसलेला अणू तोच फोटॉन गिळून टाकतो. प्रकाश वाढायचा असेल तर वर बसलेले अणू खालच्यांपेक्षा जास्त हवेत, आणि निसर्गात हे प्रमाण नेमकं उलटं असतं. आपल्या खान्देशी डोक्यात पहिला उपाय येईल: तापवा! पण इथे उष्णता हरते. भुसावळ सोडा, थेट सूर्याइतकं तापवलं तरी वरचे अणू खालच्यांच्या पुढे जात नाहीत. उष्णता गर्दी पसरवते, उलटी करू शकत नाही. तोच प्रकाश पाडूनही भागत नाही. तो जेवढ्यांना वर चढवतो, तेवढ्याच सहज खाली ओढतो.

तोडगा असा की अणूला एका वाटेने चढवायचं आणि दुसऱ्या वाटेने उतरवायचं. या यंत्रात काचेचा तंतू आहे, त्यात यटर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं. त्याला ९१५ नॅनोमीटरचा प्रकाश देतात. यटर्बियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, वर जातात, थोडी ऊर्जा काचेला उष्णता म्हणून देऊन जरा खालच्या पायरीवर घसरतात आणि तिथे रेंगाळतात. मिलिसेकंदाच्या आसपास. अणूंच्या जगात हा मुक्कामच म्हणायचा. तेवढ्यात वर गर्दी जमते. तंतूच्या दोन्ही टोकांना आरशाचं काम करणाऱ्या सूक्ष्म जाळ्या असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत वाढतो, आणि एका टोकातून त्याचा काही भाग बाहेर पडतो.

पहिला लेसर १६ मे १९६० चा, थिओडोर मेमन यांचा, माणकाचा. सोनं कोरण्याआधी रत्न कामाला आलं, हे सराफ बाजारात सांगायलाच हवं. आणि कारखान्यांत पत्रे कापणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये तयार केला तो सी. के. एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याचं.

[दृश्य: अंगठीचा क्लोजअप. अक्षरं उमटताना.]

आता सोन्याची खोडी. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि असा लेसर बहुतेकदा १०६४ नॅनोमीटरचा असतो. निव्वळ योगायोग! उलट या तरंगलांबीचा जवळपास सगळा प्रकाश चकचकीत सोनं परत फेकतं. म्हणून लेसर सलग न सोडता ठोके देत सोडतात. समजा सेकंदाला २० हजार ठोके, प्रत्येक ठोका १०० नॅनोसेकंदांचा. सरासरी २० वॉटच, पण त्या ठोक्यात ताकद १० हजार वॉट. ती ५० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात मावते, कारण सगळ्या लहरी जुळलेल्या आहेत. हिशेब करा: दर चौरस सेंटिमीटरला ५० कोटी वॉट. सोन्याने बहुतेक परत फेकलं तरी उरलेलं पुरून उरतं.

अंगठीवर फिरणारा लाल ठिपका दिसतोय ना? तो हा लेसर नव्हे. नेम धरण्यासाठी सोबत लावलेला तो एक छोटा डायोड. कोरणारा प्रकाश अवरक्त आहे, दिसत नाही, म्हणून त्याच्यापुढे पापणीही मिटत नाही. डोळ्याचं भिंग मात्र त्याला थेट पडद्यावर एकवटतं. त्यामुळे यंत्रावर झाकण हवं, आणि झाकण उघडं ठेवून काम करायचं तर १०६४ साठीच बनवलेला चष्मा हवा. उन्हाचा गॉगल इथे चालत नाही.