पैसे मागायची लाज वाटते त्यांच्यासाठी

मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली आठ माइक चालू होईपर्यंत गेली. समोर निम्मे लोक वाजवणारे बसलेत तेव्हा तुम्हाला यात नवीन काही नाही. पत्रिकेत विषय छापलाय 'युनियन सदस्यत्वाचे फायदे', म्हणजे आपल्या वादकांच्या युनियनचे, एकदम विमा एजंट आल्यासारखं वाटतं. फायदे सांगणारच आहे, पण आधी एक किस्सा. माझ्या बँडमधल्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की ते बघा, मागच्या दाराने निघाले.

तर आमचा पाच जणांचा बँड, मी बेसवर. एका कंपनीच्या कार्यक्रमात वाजवायचं होतं. आयोजकाने प्रत्येकाला वेगवेगळा फोन केलेला, दोन तासांचं ठरलं, कागद वगैरे काही नाही. दोन तास झाले तर साहेब स्टेजपाशी, "अहो लोक नाचतायत, थोडं अजून." थोडं म्हणजे दीड तास निघाला! आम्ही वाजवलं, कारण लोक खरंच नाचत होते आणि समोर लोक नाचत असले की आपल्यासारख्यांची अक्कल गहाण पडते. पैसे पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात अकाउंट्सच्या मॅडम रजेवर. त्या मॅडम चार महिने रजेवर होत्या, शेवटी मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. पाचव्या महिन्यात निम्मे पैसे आले आणि वर ऐकवलं, "तुम्हाला एक्स्पोजर पण मिळालं ना."

आता गंमत पुढे आहे. आमचा ड्रमर मात्र गप्प. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्याला तिसऱ्याच आठवड्यात पूर्ण पैसे मिळाले होते, वरच्या दीड तासाचेसुद्धा. तो युनियनचा मेंबर होता, त्याने फक्त एक फोन केला, युनियनने लेटरहेडवर चार ओळींचं पत्र धाडलं, बास. आम्हाला का नाही सांगितलं तर म्हणे तुम्ही माझ्या कार्डाला हसला होतात. हसलो होतो, खरंय. स्टेजवर घाई करतो म्हणून ज्याला आम्ही कायम शिव्या घालायचो तो पैशाच्या बाबतीत एकटाच लयीत होता. आणि एवढं होऊनही मी पुढची तीन वर्षं मेंबर झालो नाही, कारण काय तर मी कलाकार, कामगार थोडाच.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. अर्ध्या सुरासाठी आपण तासभर भांडू, पण झालेल्या कामाचे पैसे मागताना आवाज खाली जातो. पुढचं काम याच माणसाकडून यायचंय ना! युनियन असली की वाईटपणा ती घेते, तुम्ही त्याच माणसाला भेटून हसत म्हणू शकता, "मी काय करणार हो, युनियनचा नियमच आहे." हे वाक्य मला कुठल्याही विम्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि ही कलाकार-कामगार भानगड जुनी आहे. ब्रिटनमधल्या वादकांनी 1893 ला मँचेस्टरमध्ये युनियन काढली, अमेरिकेतली 1896 ची. बोलपट आले आणि थिएटरात मूकपटाला साथ करणारे हजारो वादक घरी बसले, तेव्हा अमेरिकन युनियनने 1930 च्या सुमाराला पेपरात जाहिराती दिल्या, चित्रात वाद्य वाजवणारा यंत्रमानव. आज एआयवरून चाललंय तेच, फक्त चित्र सुधारलंय. त्या जाहिरातींनी काही थांबलं नाही हेही सांगतो. पण 1942 च्या ऑगस्टपासून त्याच युनियनने रेकॉर्डिंगच बंद केलं, दोन वर्षांहून जास्त! शेवटी कंपन्यांना विकलेल्या रेकॉर्डमागे युनियनच्या फंडात पैसे देणं कबूल करावं लागलं. यातला माझा आवडता भाग म्हणजे गायक मेंबर नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी वाद्यांऐवजी मागे कोरस उभा करून गाणी काढली, आणि माउथ ऑर्गनवालेही सुटले, कारण युनियनच्या लेखी ते वाद्यच नव्हतं. (माउथ ऑर्गनवाले आहेत का कुणी? हात वर नका करू, राहू दे.)

युनियन म्हणजे सगळं छान असंही नाही. त्याच अमेरिकेत कितीतरी शहरांत गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या, लॉस एंजेलिसमधल्या दोन एक झाल्या त्या 1953 ला.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. बरं, फायदे, पटापट. किमान दर ठरलेला असतो, त्याखाली कुणी दर सांगितला आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तुमच्या बाजूच्या मेंबरकडूनही तेवढ्यात काम करून घेता येत नाही. करार सही करायच्या आधी वाचून देणारं कुणीतरी असतं, विशेषतः ते 'सर्व हक्क कायमस्वरूपी' वालं कलम. वाद्याचा विमा बऱ्याच ठिकाणी वर्गणीतच येतो किंवा स्वस्त पडतो. स्टुडिओत वाजवलेलं पुन्हापुन्हा वाजतं त्याचे पैसे, यासाठी 1961 चा रोम करार आहे, देशादेशांतला, पण करार आपणहून तुमच्या खात्यात काही टाकत नाही, नाव नोंदवून पाठपुरावा करावा लागतो. आणि कान! लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 ला एका व्हायोलावादकाच्या मागेच ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं फुंकणारे, बसवले, तालमीत त्याच्या कानांना इजा झाली. ऑपेरा हाउसचं म्हणणं, हा गोंगाट नाही, ही आमची कला. 2018 ला कोर्टाने सांगितलं, कारखान्यातल्या माणसाला आवाजाचे जे नियम तेच वादकाला. म्हणजे मी तीन वर्षं 'कामगार' या ज्या शब्दाला नाक मुरडलं त्याच शब्दाने त्याचा खटला जिंकून दिला.

पेन्शन राहिलं, प्रवासात वाद्य विमानाच्या केबिनमध्ये नेण्याचं राहिलं, ते बाहेर विचारा. फॉर्म दारापाशी ड्रमरकडे आहेत, हो, तोच. आणि माउथ ऑर्गनवाल्यांनाही आता घेतात.