पट्ट्या होत्या, हात नव्हते

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं आहे सतरा-अठरा ते पंचविशीतल्या मुलामुलींसाठी. घरात असं कुणी असेल तर हाक मारा, दहा मिनिटं रेडिओजवळ बसवा. लोकांसाठी काहीतरी करावं असं या वयात फार मनापासून वाटतं. वाटतं, आणि राहून जातं. ते राहून का जातं आणि राहू नये म्हणून नेमकं काय करायचं, ते बघू. पण आधी एक हकिगत. ती लांब आहे, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

२४ जून १८५९. उत्तर इटलीतलं सोल्फेरिनो. एका बाजूला फ्रान्सचं आणि सार्डिनिया नावाच्या इटालियन राज्याचं सैन्य, समोर ऑस्ट्रियाचं. पहाटे पेटलेली लढाई संध्याकाळपर्यंत चालली. मेलेले आणि जखमी मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणसं पडली असं सांगतात. जवळच कास्तिल्योने नावाचं गाव होतं. जखमींच्या गाड्या तिकडे वळल्या आणि बघता बघता सुमारे नऊ हजार जखमी त्या गावात येऊन पडले. गावाच्या वस्तीपेक्षा जखमी जास्त! घरं भरली, अंगणं भरली, चर्च भरली. मग रस्त्याच्या कडेला पेंढा पसरून माणसं निजवायला सुरुवात झाली.

त्या गावात एक परका माणूस येऊन थांबला होता. हेन्री ड्युनांट. वय ३१, राहणार जिनिव्हा, धंदा व्यापाराचा. अल्जीरियातल्या आपल्या व्यवसायाचं काम फ्रान्सच्या सम्राटाला भेटून मार्गी लावावं म्हणून आलेला. डॉक्टर नाही, शिपाई नाही. अंगात प्रवासाचे पांढरे कपडे, म्हणून पुढे जखमी त्याला 'पांढऱ्या कपड्यांतला माणूस' म्हणायला लागले.

तो गावातल्या मोठ्या चर्चमध्ये शिरला. आत जवळजवळ पाचशे सैनिक, बाहेर पेंढ्यावर आणखी शंभरेक. आता हे नीट ऐका. गावात पाणी होतं. खायला होतं. जखमेवर बांधायच्या पट्ट्या, जखमेत भरायचा कापूस, सगळं पुष्कळ होतं. आणि तरीही माणसं तहानेनं मरत होती, कारण ते पाणी त्यांच्या तोंडापर्यंत नेणारं कुणी नव्हतं. पुन्हा सांगते: पट्ट्या होत्या, हात नव्हते.

मग त्यानं काय केलं? कामं वाटली. गावातल्या बायकांना आणि मुलींना गोळा करून जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, भरवणं, पाजणं त्यांच्याकडे दिलं. लहान मुलांना पाणी आणायला लावलं. बादल्या, सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्या, बागेला पाणी घालायच्या झाऱ्या, मिळेल त्या भांड्यातून पोरं जवळच्या कारंज्यावरून पाणी आणत राहिली. शाळेच्या पुस्तकांत लढाईचं साल असतं, सेनापतींची नावं असतात. झारी घेऊन धावणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. इतिहास शिकवणाऱ्यांनी वर्षातला एक तास तरी अशा पोरांसाठी ठेवावा, असं मला फार वाटतं.

ड्युनांटनं आपल्या बग्गीच्या चालकाला ब्रेशिया शहरात सामान आणायला पाठवलं. काय आणलं त्यानं? संत्री, लिंबं, साखर. काढ्यासाठी कॅमोमाइलची फुलं. सदरे, स्पंज, सुती पट्ट्या, टाचण्या. आणि तंबाखू. यादी बघा. ज्यानं जखमींच्या उशाशी बसून विचारलंय, त्यालाच अशी यादी सुचते. दूर बसून अंदाजानं केलेल्या यादीत टाचण्या येत नाहीत, आणि टाचणी नसेल तर बांधलेली पट्टी सुटते.

बायकांनी जखमीचा गणवेश कुठला हे पाहिलं नाही. फ्रेंच असो, ऑस्ट्रियन असो, सगळ्यांना सारखं पाणी, सारखी पट्टी. 'तुत्ती फ्रातेल्ली' म्हणायच्या त्या. सगळे भाऊच.

आणि आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग. क्लॉडियस माझ्यूए नावाचा वीस वर्षांचा एक कॉर्पोरल होता. डाव्या कुशीत गोळी. वाचणार नाही हे त्याला कळलं होतं. ड्युनांटनं त्याला पाणी पाजलं, तेव्हा त्यानं रडत एवढंच मागितलं की माझ्या वडिलांना पत्र लिहा, म्हणजे ते आईला धीर देतील. ड्युनांटनं पत्ता टिपून घेतला आणि काही क्षणांत तो मुलगा गेला. लिओनला राहणाऱ्या आईवडिलांचा एकुलता एक. सरकारी कागदावर तो नुसता बेपत्ता होता. आपल्या मुलाचं काय झालं, हे त्या घराला कळलं ते फक्त ड्युनांटकडून. नशातेल शहराचा एक व्यापारीही त्या दिवसांत तिथे होता. तोही दोन दिवस जखमा बांधत आणि मरणाऱ्यांची घरच्यांसाठीची पत्रं लिहीत बसला. दुसऱ्याचे शब्द आपल्या हातानं लिहून देणं, एवढीच ती सेवा. मुलांना हातानं पत्र लिहायला शिकवलंच पाहिजे, या माझ्या जुन्या हट्टाचं मूळ इथे आहे.

पण हकिगत इथे संपत नाही. थोड्या दिवसांत सुरुवातीचा भर ओसरला. माणसं थकली, पांगली. जखमी मात्र तिथेच होते. ड्युनांटला हेच सलत राहिलं. १८६२ साली त्यानं स्वतःच्या खर्चानं एक छोटं पुस्तक छापलं, १,६०० प्रती. त्यात त्याचं म्हणणं होतं की उत्साही पण एकटीदुकटी माणसं पुरत नाहीत. शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार करून, शिकवून, बांधून ठेवायला हवेत. फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. तीच पुढे रेड क्रॉस झाली. ऑगस्ट १८६४ मध्ये युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचा पहिला जिनिव्हा करार झाला. १९०१ साली शांततेचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक ड्युनांट आणि फ्रेदेरिक पासी या दोघांना मिळालं.

म्हणजे मूळ मुद्दा हा, की तयारी आधी, प्रसंग नंतर. कानात राहावं म्हणून परत म्हणते. तयारी आधी, प्रसंग नंतर.

आता तुमच्याकडे वळू. सुरुवात लहान करा. आठवड्यातले दोन तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि निदान तीन महिने. 'वेळ मिळेल तसा येईन' म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा दर बुधवारी पाच वाजता येणारा एक जण संस्थेला जास्त उपयोगी पडतो, कारण त्याच्या भरवशावर पुढचं काम लावता येतं. पहिल्याच दिवशी विचारा: काम कुणाला विचारून करायचं, आणि मी आलो नाही तर कुणाला कळवायचं? आणि एक मनातलं बोलते. कामाच्या जागी फोन पिशवीत ठेवा. ज्याला आपण मदत करतोय त्याचा फोटो ही आपली वस्तू नाही. प्रमाणपत्रासाठी आलेली मुलं प्रमाणपत्र मिळालं की थांबतात, म्हणून ते देण्याची घाई संस्थांनीही करू नये.

कामं अनेक आहेत. मी आज एकच उलगडून सांगते, कारण ते त्या पत्रांच्या फार जवळचं आहे. लेखनिकाचं काम. दृष्टिहीन किंवा हातानं लिहू न शकणारा परीक्षार्थी उत्तर सांगतो, तुम्ही लिहिता. सोपं वाटतं. सोपं नाही.

आधी परीक्षेचे नियम वाचा. लेखनिकाचं शिक्षण किती असावं, विषय कोणता नसावा, ओळखीचे कागद कोणते लागतात, हे प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं. मग परीक्षार्थीबरोबर निदान दोन वेळा, तासतासभर, जुनी प्रश्नपत्रिका घेऊन सराव करा. का? माणूस बोलतो मिनिटाला शंभरावर शब्द, हातानं लिहून होतात पंचविसाच्या आसपास. ही गती जुळवावी लागते. तुम्ही मागे पडलात की बाकावर एकदा टकटक करायची, त्यानं थांबायचं. अशी खूण आधीच ठरवून घ्या.

प्रश्न आधी पूर्ण वाचा, मग तुकड्या-तुकड्यानं, गुणांसकट. पर्याय चार असतील तर चारही एकाच सुरात वाचा. बरोबर पर्यायावर आवाज नकळत चढतो, आणि तिथे परीक्षा बिघडते. सांगितलं तेच लिहा. वाक्य सुधारायचं नाही, चूक दिसली तरी. विशेषनामाचं स्पेलिंग विचारून घ्या.

गणितात सर्वांत जास्त घोळ होतो. 'अ अधिक ब भागिले क' असं नुसतं वाचलं, तर क नं भागायचं ते फक्त ब ला, की दोघांच्या बेरजेला? ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून म्हणा, 'अंश सुरू, अ अधिक ब, अंश संपला, छेद क.' कंसाचंही तसंच. कंस सुरू, कंस पूर्ण, हे दरवेळी तोंडानं बोलायचं. आकृती वरून खाली, डावीकडून उजवीकडे सांगा. वर्तुळाचे भाग असतील तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, बारापासून सुरुवात करून.

वेळ दर अर्ध्या तासानं सांगा, मधे मधे नको. परीक्षार्थी विचार करायला थांबला की तुम्हीही गप्प बसा. ती शांतता भरून काढायची नाही. तो पुन्हा बोलायला लागण्याआधी शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

आणि सर्वांत मोठी चूक कोणती? आदल्या रात्री लेखनिकाकडून येणारा निरोप: 'उद्या जमणार नाही.' परीक्षा देणाऱ्या मुलीनं वर्षभर अभ्यास केलेला असतो. डोक्यात उत्तरं तयार असतात, लिहिणारा हात नसतो. म्हणून प्रत्येक परीक्षेला दोन लेखनिक ठेवा, एक मुख्य आणि एक राखीव, आणि राखीव असलेल्यानंही एक सराव केलेला असू दे. दोघांचेही कागद नियमाप्रमाणे आधी मंजूर करून घ्या.

परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा. एकाच शाईची दोन पेनं आणि पाण्याची बाटली घ्या, तीन तास वाचून घसा बसतो. शेवटची दहा मिनिटं हातात ठेवा. कोणता प्रश्न लिहायचा राहून गेला का ते क्रमानं वाचा. बैठक क्रमांक एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवा. ती 'बरोबर' म्हणाली की मगच उत्तरपत्रिका द्या.

नमस्कार.