जोर पायाखालून येतो

(दृश्य: उजाडतंय. काळ्या मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, मागे केळीची बाग.)

मे महिन्यात जळगावकडे सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहायची सोय नसते. म्हणून इथला सॉफ्टबॉलचा, म्हणजे बेसबॉलसारख्या खेळाचा, सराव उजाडता उजाडताच सुरू होतो. गाव शहरापासून जवळच. मैदान गावकीचं, गुरं चरायचीही हीच जागा. काळ्या मातीच्या भेगा बुजवून त्यावर चुना मारलाय. बॅटिंगच्या जागेपासून 60 फुटांवर पहिला बेस, म्हणजे फटका मारून धावत गाठायचा टप्पा, तिथून 60 फुटांवर दुसरा. कुंपण नाही. डाव्या हाताला केळीची बाग सुरू झाली की मैदान संपलं.

बागेपर्यंत चेंडू मारणाऱ्या मुली या संघात दोन-तीनच. आत्ता बॅट घेऊन उभी आहे ती त्यांतली नाही.

(दृश्य: मुलगी बॅटिंगला. लागोपाठ तीन फटके, तिन्ही चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे.)

ही यंदा नववीत गेली. नजर पक्की आहे, चेंडू सहसा चुकत नाही. बॅटला लागतो, दोन टप्पे खातो आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या, ग्लोव्हमध्ये जाऊन बसतो. तिथून तो पहिल्या बेसवर फेकला जातो. ती पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवर असते, तोवर आउट.

यावर उपाय सांगणारे गावात पुष्कळ. अंगात दम नाही. दूध पाजा. जोर काढायला लावा. मुलीची जात, किती मारणार? हे शेवटचं कॅमेरा सुरू असताना कुणी बोललं नाही. वडिलांनी आपल्या परीने उपाय केला, मोठ्या मुली वापरतात तशी जड बॅट आणून दिली. 33 इंच लांब, 28 औंस. आपल्या मापात जवळपास 800 ग्रॅम.

(दृश्य: बॅट जवळून. मुठीवर गुंडाळलेली काळी टेप, एका कडेला सुटत आलेली.)

जड बॅटने चेंडू लांब जातो असं सगळ्यांनाच वाटतं. गणित तितकं सरळ नाही. फिरणाऱ्या बॅटचं वजन दुप्पट केलं तर तिच्यातली ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. आणि ही बॅट या मुलीच्या हातात वेळेवर फिरतच नव्हती. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर 43 फुटांवरून, म्हणजे 13.11 मीटरवरून चेंडू टाकते. हात खांद्याभोवती गरकन पूर्ण फिरवून, खालून. ताशी 95 किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे बॅटिंग करणारीच्या पुढ्यातल्या पाटीवर, येतो. तेवढ्यात बघायचं, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं, आणि बॅट तिथवर आणायची.

बॅट झेपते का, याची सरांची, म्हणजे प्रशिक्षकांची, तपासणी साधी. बॅट एका हातात, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ. आता बॅटचं टोक बघा.

(दृश्य: टोक थरथरतं, हळूहळू खाली झुकतं. मागे मुली मोठ्याने आकडे मोजतायत.)

दहाच्या आतच टोक खाली आलं. मग तिच्या हातात 32 इंची, 24 औंसांची बॅट आली, संघातल्याच एका ताईने वापरून ठेवलेली. वडिलांना हे पटायला वेळ लागला. पैसे मोजून आणलेली वस्तू कोपऱ्यात पडली म्हटल्यावर कुणालाही लागेल.

(दृश्य: मोबाइलवर टिपलेलं स्लो मोशन. उजव्या बुटावर गोल खूण.)

आता इथे नीट बघा. ही तिच्या उजव्या पायाची टाच. चेंडू आला, बॅट फिरली, चेंडू लागला, आणि टाच जागची हललेली नाही. पोट अजून प्लेटकडेच आहे, पिचरकडे वळलेलं नाही. म्हणजे सगळा फटका नुसत्या दंडांचा. चौदा वर्षांच्या दंडात असून असून जोर किती असणार? मुलाच्याही दंडात नसतो.

सॉफ्टबॉलचा फटका जमिनीतून वर चढतो. मागच्या पायावर भार घ्यायचा, पुढचा पाय लहानसं पाऊल टाकून रोवायचा. मग कंबर वळते. खांदे किंचित मागाहून. त्यानंतर हात, आणि बॅटचं जाड टोक सगळ्यांच्या शेवटी. या क्रमात सगळी मेख आहे. दोघीजणी मिळून ओली गोधडी पिळतात तेव्हा एक टोक घट्ट धरलेलं असतं, दुसरं फिरत असतं आणि पीळ मधल्या भागाला बसतो. कंबर पुढे निघाली, खांदे अजून मागे आहेत, त्या क्षणी पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना तसाच पीळ बसतो. तो सुटताना हातांना ओढून नेतो. कंबर आणि खांदे एकदमच वळले तर पीळ बसतच नाही, मग सुटणार काय?

(दृश्य: बॅट कमरेमागे आडवी, दोन्ही कोपरांत अडकवलेली. पाऊल, वळण. पुन्हा पाऊल, वळण.)

म्हणून कितीतरी सकाळी तिला चेंडूच दिला नाही. बॅट कमरेमागे अडकवायची, पाऊल टाकायचं, वळायचं. पोरगी वैतागली. बाकीच्या मुली तिकडे फटके मारतायत आणि ही इकडे एकटी गिरक्या घेतेय.

(सरांचा आवाज: "बेटा, तुला हातच नाहीत असं समज. मला फक्त टाच दाखव.")

टाच उचलली गेली की पाय पंजावर फिरतो आणि मातीत खूण उमटते. ही ती खूण.

(दृश्य: मातीत पंजाने कोरलेला छोटा अर्धगोल. शेजारी जुनी, सपाट टाचेची खूण.)

सर सराव संपला की आधी जमीन बघतात, मग मुलीकडे. खूण खोल असेल तर काही बोलत नाहीत.

दुसरी अडचण क्रिकेटची. घराघरांत क्रिकेट खेळूनच पोरं मोठी होतात, त्यामुळे बॅट वरून खाली आणायची सवय हाडात मुरलेली. इथे बॅट खांद्यापाशी उभी असते आणि चेंडूच्या रेषेत आडवी यावी लागते. मूठही आवळून धरायची नाही. दार वाजवताना जी पेरं लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की मनगटं मोकळी राहतात. चेंडूला लागताना वरच्या हाताचा तळवा आभाळाकडे, खालच्याचा जमिनीकडे. हे सांगून होत नाही. त्यासाठी टी, म्हणजे चेंडू स्थिर ठेवायचा उभा दांडा, लागतो.

(दृश्य: रंगाची रिकामी बादली, त्यात सिमेंट, मधोमध पाइप. वडील पाइप सरळ उभा आहे का बघतायत.)

हा टी. रंगाच्या बादलीत सिमेंट ओतलं, मध्ये नळाचा पाइप उभा केला, वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा चढवला म्हणजे बॅट आपटली तरी काही तुटत नाही. सिमेंट कालवणारे हे तिचे वडील. जड बॅट आणणारेही हेच.

घरातल्या सामानावर भागवणं या खेळाला नवीन नाही. 1887 साली अमेरिकेत शिकागोत, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी, फॅरागट बोट क्लबच्या हॉलमध्ये पोरं फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. निकाल आला, एकाने आनंदात बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहराने तो ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि तिथल्या तिथे खेळ मांडला. सॉफ्टबॉल हे नाव तर 1926 साली आलं, तोवर खेळ केव्हाच हॉलमधून मैदानात उतरला होता. महिलांचा सॉफ्टबॉल 1996 मध्ये ऑलिम्पिकला पोहोचला, 2008 नंतर वगळला गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये नव्हता, आणि 2028 च्या लॉस एंजेलिसला पुन्हा आहे.

(दृश्य: टीवर पिवळा चेंडू, पुढच्या पायाच्या अंगठ्यासमोर. फटका. जाळी हलते.)

चेंडू कुठे ठेवलाय ते बघा. पुढच्या पायाच्या रेषेत. ती आधी पोटासमोर आल्यावर मारायची. तिथे बॅटला वेग धरायला वाव मिळत नाही आणि कोपरं अंगाला चिकटतात. आतला चेंडू आणखी पुढे गाठायचा, बाहेरचा थोडा मागे येऊ द्यायचा.

(दृश्य: कडुनिंबाला टांगलेला टायर. दणका. टायर गर्रकन फिरतो.)

टायरवर मारायला ती कोपऱ्यातली जड बॅट कामी आली. टायर बॅटला अडवतो. हात लागताक्षणी ढिले पडले तर बॅट उलटी फिरते, रेटून पुढे नेली तर टायर फिरतो. बॅटला पोचे पडलेत. वडील ते बघतात आणि दुसरीकडे बघतात.

(दृश्य: शटलकॉकचा टॉस, दोन मुली. मग भिंतीवर मेडिसिन बॉल, कडेने, कंबर वळवून.)

चेंडू कमी पडले की जुनी शटलकॉक. लहान असल्यामुळे नजर बसते आणि शोधायला बागेत जावं लागत नाही. भिंतीवर फेकायचा मेडिसिन बॉल 2 किलोचा. जोडीला बैठका. आणि नाश्ता, तोही आता मैदानातच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू.

(दृश्य: सराव सामना. फटका. डावीकडची फिल्डर मागे धावते, थांबते.)

सराव सामन्यात दोनदा आउट झाली, एकदा चेंडू थेट केळीत गेला.

(दृश्य: सर टॉस टाकायला हात नेतात, सोडत नाहीत. मुलगी पुढे झुकलेली.)

आता नवं दुखणं. जोरात मारायचं वेड लागल्यावर संथ चेंडू फसवायला लागला. पिचर हात तितक्याच वेगाने फिरवते आणि चेंडू हळू सोडते, त्याला चेंज-अप म्हणतात. भार आधीच पुढच्या पायावर गेला असेल तर परत मागे आणता येत नाही; मग फटका पुन्हा नुसत्या दंडांचा. म्हणून सर मध्येच हात रोखतात, चेंडू सोडतच नाहीत, आणि ती मागच्या पायावर थांबली का ते बघतात. पाऊल टाकायचं, पण भार मागे धरून ठेवायचा. शाळांच्या जिल्हा स्पर्धा सुरू होतात, तोवर रोज हेच.

(सरांचा आवाज: "गेलीस पुढे. परत.")