एक पोतं माती, एक पोतं दगड

[ड्रोन. तांबडे डोंगर, पायथ्याशी निळं पाणी.]

आधी डोळ्यांत भरते ती माती. घाट उतरून कोकणात शिरावं, तशी लाल. पण हा भर पॅसिफिक आहे; ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचं न्यू कॅलेडोनिया. मुख्य बेट ४०० किलोमीटर लांब. सत्ता फ्रान्सची, आणि पॅरिस इथून १६ हजार किलोमीटरहून दूर.

[खाण. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला डोंगर. तळहातावर हिरवा दगड.]

या डोंगरांचा दगड मूळचा पृथ्वीच्या कवचाखालचा, पेरिडोटाइट. भूगर्भाच्या रेट्यानं तो वर येऊन बसला. मग लाखो वर्षं पाऊस झेलत कुजत गेला. त्यातलं लोखंड वरच राहिलं आणि गंजलं. आपला जांभा लाल होतो, तसंच. निकेल मात्र पाण्याबरोबर खाली झिरपलं आणि फटीफटींत हिरवं होऊन साचलं. १८६०च्या दशकात ज्यूल गार्निए या फ्रेंच इंजिनिअरला ते सापडलं. दगडाचं नावही गार्निएराइट पडलं. इथल्या मूळच्या कनाक लोकांना कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

[तुरुंगाची पडकी भिंत.]

फ्रान्सनं बेट ताब्यात घेतलं १८५३ साली. १८६४पासून जहाजं भरभरून कैदी येऊ लागले. पुढे पॅरिस कम्यूनचे, म्हणजे १८७१ साली पॅरिसमध्ये झालेल्या उठावातले, बंडखोरही आले.

[उतारावरचे अळूचे वाफे. पाटाचं पाणी. पानावरून ओघळणारा थेंब.]

कनाकांची शेती अशी. डोंगर कोरून वाफे करायचे, वरून पाट काढायचा, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात. वाफ्यांत अळू, उंच वरंब्यांवर कोनफळं. लग्न असो की मयत, कोनफळं न्यायचीच. वसाहतवाल्यांची गुरं मोकाट सुटली ती याच शेतांत. कुंपण घाला म्हटलं, तर कनाकांनीच घालावं, असं उत्तर. त्यावर अताई नावाचा त्यांचा सरदार म्हणाल्याचं सांगतात : माझं अळू उठून तुमची गुरं खायला लागेल, तेव्हा घालेन कुंपण.

[दोन हात. जमिनीवर ओतली जाणारी माती, मग दगड.]

गव्हर्नर ओल्रीपुढे त्यानं दोन पोती रिकामी केली, अशीही आठवण आहे. एकात माती : हे आमच्याकडे होतं. दुसऱ्यात दगड : हे तुम्ही ठेवलंत.

१८७८ साली उठाव झाला. अताई मारला गेला, आणि त्याचं मुंडकं पॅरिसला गेलं. ते परत आलं २०१४ साली.

[राजधानी नूमेआ. रस्ता, भिंतींवरच्या घोषणा.]

स्वातंत्र्यासाठी २०१८, २०२० आणि २०२१मध्ये मतदान झालं. तिन्ही वेळा कौल ‘नाही’. तिसऱ्यावर बहुतेक कनाकांचा बहिष्कार होता. २०२४च्या मे महिन्यात शहर पेटलं.

[बंदर. सरकत्या पट्ट्यावरून जहाजाच्या पोटात पडणारी लाल माती. निवेदन नाही, फक्त आवाज.]