नळीमागच्या रेषा

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. टेबलावर स्टँड, त्यात काचेच्या बारीक नळ्या. मागे पांढऱ्या पुठ्ठ्यावर आखलेल्या काळ्या रेषा.)

उत्तर नागपुरातली एक प्राथमिक शाळा. जुलैचा पहिला आठवडा. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे पोरांच्या दप्तरांना अजून नव्याचा वास आहे. आज वर्गात पाढे नाहीत. आरोग्य पथक आलंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. वजन, उंची, दात, डोळे, कान, त्वचा हे सगळं या व्हरांड्यात चाललंय. पण नागपुरात या टेबलावरच्या नळ्यांना वेगळं महत्त्व आहे. त्यांत सिकलसेलची चाचणी होते. हा आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे.

(दृश्य: लहानगा हात, सिस्टरच्या हातात. चेहरा दिसत नाही.)

या फिल्ममध्ये मुलांचे चेहरे आम्ही दाखवलेले नाहीत. हात, पाय, पाण्याच्या बाटल्या, एवढंच दिसेल.

घरून सही होऊन आलेली संमतीची चिठ्ठी आधी पाहिली जाते. चिठ्ठी नसेल, तर बोटाला सुई लागत नाही. मग स्पिरिटचा बोळा फिरतो आणि बोट वाळू दिलं जातं. इथे घाई केली, की ओल्या स्पिरिटने चरचरतं आणि रक्त पातळ होऊन थेंब पसरतो. सुई टोचायची ती अनामिकेच्या कडेला. बोटाच्या शेंड्याला टोचलं तर जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. बोट जोरात पिळायचं नाही, कारण पिळलं की रक्तात आतलं पाणीही येतं.

"मुंगी चावते, बस," सिस्टर म्हणतात. "बघू नको तिकडे. पाढा म्हण."

(दृश्य: सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात पडते.)

एका मुलाला एकच सुई. वापरून झाली की थेट डब्यात.

(दृश्य: नळीचा क्लोज-अप. पारदर्शक द्रावणात लाल थेंब.)

नळीत 2 मिलिलिटर द्रावण आहे. त्यात रक्त फक्त 20 मायक्रोलिटर, म्हणजे एका लहानशा थेंबाएवढं. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं. सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला, म्हणजे तांबड्या पेशींतल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या घटकातला, ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळून जातं आणि द्रावण स्वच्छ राहतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला की विरघळत नाही आणि नळी गढूळ होते.

पाच मिनिटं थांबायचं. मग नळी रेषांच्या पुठ्ठ्यासमोर धरायची.

(दृश्य: डावीकडची नळी, मागच्या रेषा स्पष्ट. उजवीकडची नळी, रेषा दिसत नाहीत.)

रेषा दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. रेषा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह.

एवढ्या सोप्या चाचणीतही चुकायला भरपूर जागा आहे. डायथायोनाइट हवा लागली की खराब होतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं किंवा मुदत उलटली, तर सगळ्याच नळ्या स्वच्छ दिसतात आणि आजारी मूल हातातून निसटतं. म्हणून सकाळी पहिल्यांदा एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून द्रावण तपासून घ्यायचं. फ्रिजमधून काढलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, कारण थंड द्रावणावरचा निकाल भरवशाचा नसतो. मुलाचं हिमोग्लोबिन 7 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर 20 मायक्रोलिटर रक्तात हवं तेवढं हिमोग्लोबिनच नसतं. तिथे रक्त दुप्पट घ्यावं लागतं. नुकतंच रक्त चढवलेल्या मुलाचा निकाल धरायचाच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गढूळ नळीवरून मूल वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, की रुग्ण, हे कळत नाही. इथेच गल्लत होते. नळी पाहून कुणी आईला "तुमच्या पोराला सिकलसेल आहे" म्हणून सांगितलं, की घर हादरतं. त्यातली बरीच मुलं नुसती वाहक असतात आणि त्यांना सहसा कसलाच त्रास नसतो.

(दृश्य: जांभळ्या झाकणाच्या नळ्या, कोल्ड बॉक्स.)

म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या मुलाचं शिरेतलं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं जातं. नळी हलकेच उलटसुलट करायची, झटकायची नाही. बॉक्समध्ये ती बर्फाला थेट टेकू द्यायची नाही. नळीवरचा नंबर आणि यादीतला नंबर दोघांनी मोठ्याने वाचून जुळवायचा.

(दृश्य: प्रयोगशाळा. इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी.)

पट्टीवर विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकतं. साधं 'ए' पुढे जातं, सिकलचं 'एस' मागे राहतं. दोन्ही पट्टे दिसले तर 'एएस', म्हणजे वाहक. 'ए' नसून 'एस'चाच ठळक पट्टा असेल तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते.

हा आजार इथे नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याला साठ वर्षं उलटून गेली. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. विदर्भातल्या डॉक्टरांनी मधल्या काळात किती कुटुंबं सांभाळली, याचा हिशेब कुठल्या फलकावर लागलेला नाही.

(दृश्य: तिसरीचा वर्ग. एका बाकावर कोपऱ्यात स्टीलची बाटली.)

आता वर्गात. ही 'एसएस' मुलाची बाटली. ती दप्तरात नाही, बाकावर आहे, आणि ते मुद्दाम आहे. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. या मुलांची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून लघवीला वारंवार जावं लागतं. "आत्ताच तर गेला होतास" असं म्हणून बसवलेलं मूल पुढच्या वेळी पाणीच पीत नाही. न विचारता पाणी प्यायची आणि विचारल्याबरोबर बाहेर जायची मुभा, हे दोन नियम या वर्गात सगळ्याच मुलांना लागू केलेत. त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवलं जात नाही.

"मॅडम, पाय दुखून राहिले."

(दृश्य: बाई खाली बसून पोटऱ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवतात.)

बर्फ लावायचा नाही. गारव्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि दुखणं वाढतं. ऊब द्यायची, पाणी पाजायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा द्यायची, घरी फोन करायचा.

ताप 101 च्या वर गेला, श्वास लागला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, किंवा मूल अचानक पांढरं पडून पोट डाव्या बाजूला फुगलं, तर घरच्यांची वाट पाहायची नाही. 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेत बसतानाच 'एसएस' हे सांगायचं. तिथला उशीर जिवावर बेततो.

(दृश्य: शिक्षिकेच्या टेबलावर गुलाबी गोळ्यांची पाकिटं.)

आठवड्यातून एकदा पोषण आहारानंतर ही गुलाबी गोळी दिली जाते. तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. उपाशीपोटी दिली तर मळमळतं. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. 'एसएस' मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नये. त्याच्या तांबड्या पेशी फुटत राहतात आणि त्यातलं लोह अंगातच उरतं. त्याचं फॉलिक ॲसिड वेगळं मिळतं. डोळ्यांतला पिवळेपणाही त्या फुटणाऱ्या पेशींचाच. कावीळ समजून त्याचा गळ्यात माळ घालून उतारा करण्यात दिवस जातात.

(दृश्य: डिसेंबर. प्रार्थनेच्या रांगा, तोंडातून वाफ.)

नागपूरची थंडी अंगात शिरते. प्रार्थनेला स्वेटर, कानटोपी आणि मोजे चालतील, गणवेशाचा आग्रह नको, असं मुख्याध्यापकांनी सूचना वहीत लिहून सगळ्या वर्गांत फिरवलंय. कवायतीला ही मुलं उभी राहतात, खोखोही खेळतात. दमली की बसतात.

(दृश्य: खोखोची रांग. एक मुलगा उठून नळावर बाटली भरतो, परत रांगेत येऊन बसतो.)