कॅसेटचं कन्व्हर्जन आणि रॅमचा प्रश्न

मंडळी, तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे, म्हणून आज तेवढाच घेतो. लग्नाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. आता त्या मोठ्या फायलींचं एमपी४ करायला बसलं की तासन् तास जातात, मधूनच कॉम्प्युटर हँग झाल्यासारखा वाटतो. दुकानात विचारलं तर सांगतात, रॅम वाढवा. वाढवावी का?

मिनी डीव्ही किंवा व्हीएचएस कॅसेटवरचा व्हिडिओ असेल आणि मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल, तर माझं उत्तर आहे, नको. का नको हे नीट सांगतो, म्हणजे तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुम्हालाच ओळखता येईल.

बहुतेकांच्या मनातला हिशोब असा असतो : मिनी डीव्हीच्या एका तासाची फाइल साधारण १३ जीबीची होते, रॅम आहे ८ जीबी, मग मावणार कशी? पण ती मावायची गरजच नसते. हँडब्रेक घ्या, एफएफएमपेग घ्या, कुठलंही कन्व्हर्टर अख्खी फाइल मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, भरत नाही. डिस्कवरून थोडा भाग वाचायचा, उलगडायचा, नव्याने दाबायचा, परत डिस्कवर लिहायचा आणि पुढचा भाग घ्यायचा, असं ते चालतं. फाइल एका तासाची असो की तीन तासांची, कुठल्याही क्षणी मेमरीत असतात ती फक्त काही डझन चित्रं.

ती किती जागा घेतात? आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या व्हिडिओत एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. उलगडल्यावर ते जेमतेम ०.६ एमबी भरतं. एच.२६४ ही व्हिडिओ दाबायची नेहमीची पद्धत; तिच्यासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा एन्कोडर, म्हणजे दाबायचं काम करणारा प्रोग्रॅम, एक्स२६४, नेहमीच्या सेटिंगला पुढची ४० चित्रं आधी बघून ठेवतो, म्हणजे कुठल्या चित्राला किती जागा द्यायची ते त्याला ठरवता येतं. चाळीस चित्रांचे झाले २५ एमबी. फुल एचडीला एक चित्र ३.१ एमबीचं, चाळीसांचे सव्वाशे एमबी. यावर एन्कोडरचा स्वतःचा पसारा असतो, तुलनेसाठी धरून ठेवलेली आधीची चित्रं असतात. पण कॅसेटच्या व्हिडिओला सगळं मिळूनही १ जीबी क्वचितच लागते.

आता हाच हिशोब ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपके) आणि दहा बिटला (रंगांच्या जास्त बारीक छटा) लावा. हल्लीचे बरेच मोबाइल असं शूटिंग करतात. एक चित्र जवळपास २५ एमबीचं होतं. चाळीस चित्रांतच १ जीबी संपली. त्यात एच.२६५ ही पुढची, जास्त दाबणारी पद्धत निवडली, तर तो एन्कोडर एकाच वेळी अनेक चित्रांवर काम करतो, आणि प्रोसेसरमध्ये जितके जास्त कोअर, म्हणजे काम करणारे हात, तितकी जास्त चित्रं उघडी ठेवतो. तिथे काही जीबी सहज जातात, आणि ८ जीबीच्या मशीनवर ब्राउझरही उघडा असेल तर अडचण खरी आहे.

म्हणून अंदाज नको, मोजा. कन्व्हर्जन सुरू करा, पाच-दहा मिनिटं चालू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन आकडे एकत्र बघा. एकटा मेमरीचा आकडा फसवतो.

सीपीयू शंभरच्या आसपास आणि मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर जीव तोडून काम करतोय आणि मेमरी शिल्लक आहे. इथे रॅम दुप्पट केली तरी वेळ जवळपास तेवढाच लागेल. पोळ्या लाटणारे हात दोनच असतील, तर ओटा लांबवून पोळ्या लवकर होत नाहीत.

मेमरी नव्वदच्या वर, डिस्क शंभरला चिकटलेली आणि सीपीयू मात्र वीस-तीसवर रेंगाळतोय, हे चित्र दिसलं तर मेमरी कमी पडते आहे. विंडोज मेमरीतला माल डिस्कवर टाकतंय आणि परत आणतंय. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माउससुद्धा अडकत चालतो. ४ जीबीच्या मशीनवर हे हमखास दिसतं, आणि तिथे ४ ची ८ करणं हा पैशांचा उत्तम उपयोग आहे. आधी ब्राउझर बंद करून पुन्हा मोजा मात्र. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

तिसरं चित्र थोडं चकवणारं आहे. सीपीयू साठ-सत्तरवर, मेमरी मोकळी, डिस्क मोकळी, तरी वेग वाढत नाही. कॅसेटचं चित्र लहान असल्यामुळे आठ कोअरना पुरेल इतकं काम निघत नाही, किंवा इंटरलेसिंगच्या (जुन्या व्हिडिओत चित्र एकाआड एक ओळींनी टिपलेलं असतं, त्याच्या) रेघा काढणारा फिल्टर सगळ्यांना थांबवून ठेवतो. लॅपटॉप असेल तर उष्णताही बघा. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याची जाळी धुळीने भरलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. तिथे रॅमपेक्षा साफसफाईने जास्त फरक पडतो.

व्हिडिओचं एडिटिंग, एकावर एक थर, टायटल्स, रंग दुरुस्ती हे सगळं करणाऱ्यांना मात्र १६ जीबी लागतेच, त्यात मी वाद घालणार नाही. निव्वळ कन्व्हर्जन हे वेगळं काम आहे. आणि रॅम घ्यायची ठरलीच, तर आधी मशीन रॅमचा कुठला प्रकार, डीडीआर३, ४ की ५, मागतं ते बघा, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे वाढवायला वावच नसतो.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतो, कारण पैसे मोजके असतात आणि कॅसेट थांबत नाहीत. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आज तुमच्या हातात जो चालू प्लेअर आहे तो उद्या बिघडला तर सुटे भाग शोधत फिरावं लागेल, आणि दमट कपाटातल्या टेपवर बुरशी चढतेच आहे. कन्व्हर्जन रात्रभर चालू ठेवता येतं, पुढच्या वर्षीही करता येतं. टेपवरून उतरवून घेणं पुढे ढकलता येत नाही. म्हणून रॅमसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, मूळ १३ जीबीच्या फायलींची दुसरी प्रत तीवर ठेवा, आणि ती डिस्क बहिणीकडे किंवा भावाकडे, दुसऱ्या घरात राहू द्या. एमपी४ झालं म्हणून मूळ फाइल पुसू नका.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी ते आता इथे टेबलावर लावा. एकेका मशीनवर कन्व्हर्जन सुरू करून तिन्ही आकडे आपण सगळे मिळून बघू.