फवारणीआधी पानामागं पाहा

शेतकरी बंधू-भगिनींनो, रामराम.

पोळा तोंडावर आला आहे. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाती-फुलं लागली आहेत, सोयाबीन शेंगा धरू लागलं आहे आणि कृषी केंद्रांच्या काउंटरवर गर्दी वाढली आहे. मी आज बोलणार आहे ते त्या काउंटरवर जाण्याआधीच्या कामाबद्दल. मित्रकिडी, विषाणू, बुरशी, निंबोळी ही सगळी साधनं चांगली आहेत. पण त्यांची वेळ चुकली की ती निव्वळ पाणी ठरतात. आणि वेळ साधायची तर पान उलटून बघावं लागतं.

आपल्या वावरात पानामागं काय आहे हे सगळ्यांत आधी निंदणाऱ्या बाईला दिसतं. औषध आणायला दुकानात जातो तो मात्र दुसराच. त्याला विचारलं, "काय पडलं?" तर तो सांगतो, "अळी दिसते जी." कोणती अळी, अंडी आहेत का, किती झाडांवर, याचा पत्ता नाही. मग दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देतो. असं मिश्रण मारलं की पहिली मरते ती किडीला खाणारी कीड. मावा खाणारे ढालकिडे जातात, पानावर केसासारख्या देठावर अंडी घालणारी क्रायसोपा जाते, परभक्षी कोळी जातात. हानिकारक किडींतल्या काही वाचतात, आणि आता त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. पंधरा दिवसांनी पांढरी माशी दुपटीनं दिसते, ती अशी.

2017 साल यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर, तोंडावर येत होता. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं एका यवतमाळ जिल्ह्यातच वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. मेलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे मजूरही होते. आणि इतकं करूनही त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरलीच.

का पोखरली, ते समजून घ्या. बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते, आणि तिचं छिद्र मागून बुजून जातं. आत बसून ती सरकी खाते. बाहेरून कितीही महागडं औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटी वाण, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी पऱ्हाटी, तिचा भरवसाही या अळीपुरता संपला आहे. अळीत त्या विषाची प्रतिकारशक्ती आली. म्हणून तिला गाठायचं ते अंड्यात किंवा पतंग असताना.

पतंगासाठी कामगंध सापळे आहेत. मादीच्या गंधाची गोळी, म्हणजे ल्युर, लावली की नर त्यात येऊन अडकतात. एकरी दोन सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर, आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग 3 रात्री एका सापळ्यात दर रात्री 8 किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर हालचाल करायची वेळ झाली. जुनी माणसं म्हणतात, पोळ्याच्या अमावस्येला पतंग अंडी घालतात. तुमच्या वावरात ते खरं आहे का, हे सापळाच सांगेल. सोबत वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. दोनांत अळी सापडली तर नुकसान दहा टक्क्यांवर आलं असं धरा. या पातळीला निव्वळ जैविक उपायांवर विसंबू नका. तिथं शिफारस असलेलं रासायनिक औषध, एकच, योग्य मात्रेत आणि अंग झाकून मारावं लागतं. जैविक म्हणजे रसायनाचं नावच काढायचं नाही, असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पतंग दिसू लागले की अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी, माणसाला चावत नाही. ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिचं पिल्लू ते अंडं आतून खाऊन टाकतं, आणि अळी जन्मालाच येत नाही. ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली अशी अंडी कार्डावर चिकटवलेली मिळतात, तेच ट्रायकोकार्ड. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात, एकरी तीन कार्डं लागतात. कार्डाचे तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला टाचायचे, संध्याकाळी. टाचायच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी बंद. इथंच घोडं पेंड खातं. कार्ड लावलं आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं पाहून पंप काढला, तर कार्डाचे पैसे धुऱ्यावर टाकले.

मित्रकीटक काय करू शकतो, याचं आपल्याच पऱ्हाटीवरचं उदाहरण देतो. 2006च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण आला. बाहेरदेशातून आलेली कीड. झाडं पांढरी पडली, फवारण्या झाल्या, झाडं उपटून जाळली गेली. मग पांढऱ्या ढेकणांत मधेमधे तांबूस-तपकिरी, टणक दाणे दिसू लागले. ते मेलेले ढेकूण होते. एनासियस नावाची बारीक गांधीलमाशी त्यांच्या पोटात वाढत होती. तिला कुणी प्रयोगशाळेतून आणून सोडलं नव्हतं. 2009 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, तोवर ती शेतांत कामाला लागलेली होती. तांबूस दाणे दिसत असताना ज्यानं पंप उचलला, त्यानं ढेकणाआधी तिलाच मारलं.

सोयाबीनच्या पानावर पांढरी, कडक होऊन चिकटलेली अळी दिसली तरी हात आवरा. ढगाळ, दमट दिवसांत नोमुरिया बुरशी अळ्यांना लागते, त्या आपोआप मरतात. अशा अळ्या बऱ्याच दिसत असतील तर फवारणीचा खर्च वाचला.

निंबोळी अर्काबद्दल सगळ्यांनी ऐकलं आहे, तरी तो अनेकांचा फसतो. निंबोळ्या उन्हात वाळवल्या, वर्षानुवर्षं पोत्यात ठेवल्या की त्यांतलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं कडू द्रव्य, कमी होत जातं. सावलीत वाळवा. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाका आणि पाणी शंभर लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा. यानं कीड पटकन मरत नाही. ती पान खाणं सोडते, अंडी घालायला कचरते. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधायला जाल तर निराश व्हाल.

आणि तंबाखूचा काढा मारताना तो घरचा आहे म्हणून उघड्या हातानं ढवळू नका. निकोटीन हे विषच आहे, कातडीतून अंगात जातं. दुकानातली 'शंभर टक्के जैविक' बाटली मारल्यावर तासाभरात किडी पटापटा पडल्या, तर आधी शंका घ्या, तीत रसायन मिसळलेलं असू शकतं. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि शेवटची तारीख बघा, बिल मागा.

ट्रायकोकार्ड आणि हरभऱ्याचे घाटे खाणाऱ्या घाटेअळीला मारणारा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, यांची चौकशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधीच करून ठेवा. ऐनवेळी मिळत नाहीत. विषाणू हरभऱ्यावर हेक्टरी 500 एल.ई. वापरायचा. एक एल.ई. म्हणजे एका रोगट अळीतून निघणारा विषाणू. उन्हानं तो मरतो, म्हणून संध्याकाळी, द्रावणात थोडी नीळ घालून आणि अळ्या लहान असतानाच मारा. तीन-चार दिवसांत अळ्या खाणं सोडतात, मग शेंड्याला उलट्या लटकून मरतात.

हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा. हरभऱ्याच्या वर वाढलेल्या त्या ताटांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात, खाली उतरून घाटेअळ्या वेचतात. घाटे भरून पक्व होऊ लागले की ताटं काढून टाका. पुढं तेच पक्षी दाण्यांकडं वळू शकतात.

नमस्कार.